यंदा किती शिंगरं

मर्व ट्रेविन पाच म्हणत होता, त्याची बायको नेरिडा एक म्हणत होती, आणि तोंडाने मात्र दोघंही चकार शब्द काढत नव्हती. भांडण सगळं घोड्यांच्या तोंडाला चढवायच्या मोरक्यांवरून चाललं होतं.

त्यांच्या व्हरांड्याच्या भिंतीला खिळ्यांची एक लांब रांग होती. यंदा ज्या घोड्या फळवायच्या त्यांच्या मोरक्या त्या खिळ्यांवर, बाकीच्यांच्या खाली शेडमध्ये, अशी पद्धत. तर रोज सकाळी मर्व चहाचा मग घेऊन शेडमध्ये जायचा, मोरक्या उचलून आणायचा आणि शीळ घालत घालत पाच खिळे भरायचा. संध्याकाळी नेरिडा त्यातल्या चार काढायची आणि पुन्हा शेडमध्ये नेऊन टांगायची. ती शीळ घालत नसे. हा खेळ आठवडाभर चालला. लहान पोराच्या कमरपट्ट्याएवढ्या त्या मोरक्या, पण त्यांनी घरात नुसता उच्छाद मांडला होता. जेवायला बसलं की दोघं हवामानावर बोलायची. लग्नाला अठ्ठेचाळीस वर्षं झालेली माणसं हवामानावर बोलायला लागली की समजावं, काहीतरी बिनसलंय.

तसं पाहिलं तर मर्वचं काही चुकत नव्हतं. त्यांचा ठेंगू जातीचा घोडा बँजो आता सतरा वर्षांचा झाला होता. पाठ मर्वच्या कमरेलाही लागत नसे, पण ऐट अशी की डोंगर आपल्या बापाचा आहे. कपाळावरची झुलपं नाकापर्यंत आलेली, त्यातून एक डोळा बाहेर. त्याची शिंगरं समुद्रापलीकडे टास्मानियापर्यंत गेली होती. इथली मंडळी घोड्या वर्षाआड फळवत, एक वर्ष शिंगरांचं आणि एक वर्ष झोपेचं, त्यामुळे पुढची खेप येईपर्यंत बँजो एकोणीस वर्षांचा होणार. म्हणजे जी काय शिंगरं व्हायची त्यांच्यासाठी घोड्या यंदाच फळवायला हव्यात, असं मर्वचं म्हणणं. टेकड्यांवर गवत मातलेलं होतं. घोड्या वर्षभर आराम करून गुटगुटीत झाल्या होत्या. दुधाच्या टँकरवरची नोकरी संपल्यापासून मर्वला दिवसभर दुसरा उद्योगही नव्हता. मग पाच का नकोत?

नेरिडाने कारणं दिली होती, नाही असं नाही. लोक पोरांच्या वाढदिवसाला शिंगरू नेतात, हिरव्यागार गवतात मोकळं सोडतात, खाऊन खाऊन त्याचे खूर बिघडले की रडत फोन करतात, हे एक कारण. शेडचं छप्पर गळतंय, हे दुसरं. तुझे गुडघे, हे तिसरं. मर्वकडे तिन्हींवर उत्तर होतं. गिऱ्हाईक पारखून देऊ, छप्पर मी बघतो, आणि शिंगरं काय माझ्या गुडघ्यांना व्हायची आहेत? मग तिने कारणं देणं बंद केलं आणि मोरक्या काढायला सुरुवात केली. खरं कारण तिने सांगितलंच नव्हतं.

या छोट्या घोड्यांची एक गोम आहे. माणसांनी निवडून निवडून घोडी लहान केली, पण शिंगराचं डोकं काही त्या मानाने लहान झालं नाही. त्यामुळे घोडी विताना अडते. एक पाय मागे दुमडून राहतो, नाहीतर मान वळते. अशा वेळी कुणीतरी आत हात घालून शिंगरू सरळ करावं लागतं, आणि तेही ताबडतोब, कारण घोडी गाईसारखी तासनतास कळा सोसू शकत नाही. गुरांच्या डॉक्टरला बोलवावं तर सगळा मुलूख दुधाच्या गाईंचा. वसंतात हजारो गाई एकदम व्यायला लागतात आणि डॉक्टर मंडळी चिखलात बूट रुतवून त्यांच्या मागे धावत असतात. बरं, डॉक्टर आलाच तरी त्याचा हात आत जायला हवा. मर्वचे हात म्हणजे फावडी. पलीकडच्या टेकडीवरच्या डार्सी क्विलचे त्याहून रुंद. जायचा तो एकच हात, नेरिडाचा.

तिला आयुष्यभर हातमोजे लहान मुलांच्या दुकानात घ्यावे लागले होते. शाळेत पोरी तिला चिडवायच्या. लग्नातली अंगठी सोनाराने बारीक करून दिली, तरी ती भांडी घासताना गळून पडायची. आणि मग चाळिशीत कधीतरी तिने पहिल्यांदा अडलेल्या घोडीत हात घातला आणि तिला उमगलं की हे हात कशासाठी होते. डोळे मिटले की तिला बोटांनी दिसायचं. हा खूर, हा गुडघा, हे नाक, ही उलटी वळलेली मान. त्या वेळी ती जे बोलायची ते चर्चमध्ये सांगण्यासारखं नव्हतं, पण शिंगरू बाहेर यायचं.

हे कळलं तसं डार्सी तिला बोलवायला लागला. मग आणखी एकदोघं. आणि त्यातून ती रविवारची रीत पडली. ऑगस्ट संपता संपता, म्हणजे इथला हिवाळा सरताना, एका रविवारी आसपासची घोडेवाली मंडळी ट्रेविनांच्या व्हरांड्यात जमत, ज्या घोड्या फळवायच्या त्यांच्या मोरक्या घेऊन. नेरिडाच्या भिंतीवर मोरकी लागली याचा अर्थ, ही घोडी अडली तर तू येशील. खिळे संपले की संपले, मग उरलेल्या घोड्या त्या खेपेला कोऱ्या राहत. नेरिडाच्या भिंतीवर मोरकी नाही तर घोडीला घोडा नाही, हा या टेकड्यांवरचा कायदा होता. तो कुणी केला नव्हता, पण आजवर कुणी मोडलाही नव्हता.

आणि आता त्या हाताला काही कळत नव्हतं.

गेल्या वसंतात त्यांचीच पॅन्सी अडली. नेरिडाने कोपरापर्यंत साबण चोळला, हात आत घातला, डोळे मिटले, आणि काही दिसेना. बोटांना टणक काहीतरी लागत होतं. खूर की गुडघा, काही केल्या समजेना. जाड लोकरी मोजा घालून चाचपावं तसं झालं. मागे मर्व बॅटरी धरून उभा होता. काय लागतंय, म्हणून विचारत होता. ती म्हणाली, पाय आहे. पायच होता, पण कुठला भाग ते तिला मेलं तरी सांगता आलं नसतं. तेवढ्यात पॅन्सीनेच अशी काही कळ दिली की शिंगरू आपलं आपण सुटून पेंढ्यात आलं. मर्वने आनंदाने तिची पाठ थोपटली. बघ, म्हणाला, याला म्हणतात हात. तिने हात बादलीत बुडवला आणि साबण धुवायला लागली.

नंतर चष्म्याचा नंबर काढायला जाते असं सांगून ती मेलबर्नला मोठ्या डॉक्टरांकडे गेली. संधिवात आणि दबलेली नस, डॉक्टर म्हणाले. दुखणं कमी करता येईल, पण बोटांतली गेलेली जाणीव परत येईल असं काही सांगता येत नाही. येताना तिने खरोखरच एक नवा चष्मा आणला, म्हणजे खोटं पडायला नको. मर्व म्हणाला, छान दिसतो. वर्षभर तो तिच्या हाताची फुशारकी जगाला सांगत हिंडत होता, दूधवाल्याला, पोस्टातल्या बाईला, पेट्रोल भरणाऱ्या माणसाला. त्याला कुठल्या तोंडाने सांगायचं?

तिने मनाशी तडजोड केली होती. आपली एकच घोडी फळवायची, मोली, जी दर वेळी सुखरूप व्याली होती. दुसऱ्यांच्या मोरक्यांना काहीतरी निमित्त काढून नाही म्हणायचं. कसं म्हणायचं ते त्या वेळी बघू.

तो रविवार उजाडला. मर्वने सकाळी उठून भोपळ्याचे स्कोन, म्हणजे छोटे गोल पाव, भाजले, साय फेटली, आणि जाता जाता पाच खिळे भरले. नेरिडाने ते पाहिलं, पण पाहुणे यायच्या वेळी कुठे मोरक्यांची ओढाताण करणार? यंदा येणारे दोघंच होते. बाकीच्यांनी एकेक करून घोड्या विकल्या होत्या, म्हातारे झाले होते, मुलांकडे राहायला गेले होते. डार्सी आला तो टोपीत तीन मोरक्या टाकून. हा माणूस कधी हसल्याचं कुणाला आठवत नाही, पण त्याच्या घोड्या त्याला बघून अंगणभर नाचतात. त्याने न विचारता तीन खिळे भरले, चार स्कोन खाल्ले आणि साय पातळ झालीय म्हणून मर्वला सुनावलं.

मग ट्रूडी आली. ही पूर्वी शहरात एका बँकेत होती, नवऱ्याशी फारकत झाल्यावर तिने खालच्या ओढ्याकाठची जागा घेतली आणि दोन घोड्या पाळल्या. लोकांना वाटलं होतं, पहिल्या हिवाळ्यातच परत जाईल. गेली नाही. यंदा तिची पहिली खेप. तिने दोन मोरक्या आणल्या होत्या, त्यातली एक नवी कोरी, लाल, इतकी लहान की डार्सीने ती बोटाला अडकवून बघितली आणि विचारलं की ही घोडीची आहे की मांजराची.

ट्रूडीने ती लाल मोरकी शेवटच्या खिळ्याला लावली आणि थोडी मागे सरून बघत उभी राहिली. थिसलची आहे ती, म्हणाली. थिसल पहिलटकरीण होणार होती, आणि टेकड्यांवरच्या सगळ्या घोड्यांत लहान. "मी कधीच धजले नसते," ट्रूडी नेरिडाकडे वळून म्हणाली. "एवढ्याशा जिवाला कशाला संकटात घालायचं, असंच वाटत होतं. पण म्हटलं, तुम्ही आहात ना."

झालं. नेरिडाने योजलेली सगळी निमित्तं तिच्या डोक्यातून पार पुसली गेली. भिंतीवर दहा मोरक्या लटकत होत्या आणि दहाच्या दहा तिच्या हाताच्या भरवशावर. तिला वाटलं, आपण वर्षभर स्वतःची लाज झाकत बसलो आणि ही पोरगी त्या झाकलेल्या लाजेवर आपली घोडी पणाला लावते आहे. ती उठली, भिंतीपाशी गेली, लाल मोरकी काढली आणि ट्रूडीच्या मांडीवर ठेवली.

ट्रूडीचा चेहरा पडला. घोडी फारच लहान आहे का, तिने विचारलं.

"घोडी ठीक आहे," नेरिडा म्हणाली. "माझा हात ठीक नाही."

मर्व हसला. त्याला वाटलं, विनय चाललाय. पाहुण्यांसमोर बायका असं म्हणतातच, अशा थाटात त्याने ट्रूडीला डोळा घातला. तेव्हा नेरिडाने खुर्ची ओढली, त्याच्यासमोर बसली, डोळे मिटले आणि उजवा हात पुढे केला. या बोटांत काहीतरी दे, म्हणाली, काहीही, आणि मी काय आहे ते सांगते. डार्सी कुरकुरला की हा काय पोरखेळ. मर्वने तरी काहीतरी दिलं. तिने अंगठ्याशेजारच्या दोन बोटांत ते धरलं, फिरवून पाहिलं, दाबून पाहिलं. ज्या बोटांनी ती आतल्या अंधारात पापणी ओळखायची तीच ही बोटं.

"चमच्याचा दांडा," ती म्हणाली.

तिने डोळे उघडले तर तिच्या बोटांत मर्वचं बोट होतं.

मर्वचं तोंड उघडं राहिलं होतं. अशा वेळी त्याला नेहमी काहीतरी चावट सुचतं, आजही सुचलं, पण बोलताना आवाज फाटला. "तरीच हल्ली बरण्यांची झाकणं माझ्याकडे येतात," तो म्हणाला. "मला वाटलं, म्हातारपणी प्रेम उतू चाललंय."

मग तिने सगळं सांगितलं. पॅन्सीचं, मेलबर्नचं, चष्म्याचं. रडली नाही, भराभर सांगून टाकलं, औषधाचा कडू घोट घ्यावा तसं. पॅन्सी वाचली ती तिच्या नशिबाने, माझ्यामुळे नाही, हे तिने दोनदा सांगितलं. आणि जे मला आधीच सांगायला हवं होतं ते मी आज सांगते आहे, कारण ही मोरकी इतकी लहान आहे की मला तिच्याकडे बघवेना, असंही म्हणाली.

सगळ्यांत आधी डार्सी उठला. त्याने आपल्या तिन्ही मोरक्या काढल्या, टोपीत टाकल्या आणि टोपीकडे बघत उभा राहिला. नेरिडाला वाटलं, आता हा काहीतरी टोचून बोलणार. त्याला तसा हक्कही होता. "किती वर्षं तुला अंथरुणातून ओढून नेलं मी," तो म्हणाला. "एकदा तर तुला ताप होता. तू बोलली नाहीस, मला नंतर मर्वने सांगितलं." आणि टोपी काखेत धरून, "आता झोप बाई," एवढं बोलून त्याने उरलेला एक स्कोन उचलला आणि तो गेला. त्याची गाडी वळणापलीकडे दिसेनाशी होईपर्यंत तिघंही तिकडेच बघत होती.

ट्रूडी जायला तयार नव्हती. तिने आपला हात पुढे केला, उलटासुलटा करून दाखवला आणि विचारलं, हा चालेल का. नेरिडाने तो तळहातावर तोलल्यासारखा धरला. लांबट होता, पण अरुंद होता. चालेल, ती म्हणाली, पण आत जायला हात लागतो आणि आत गेल्यावर बाकीचं सगळं लागतं. आधी या वसंतात मर्वच्या ओळखीच्या गोठ्यांवर जा, वासरं ओढ, गाईच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून डोळे मिटायला शीक. मी येईन बरोबर, बाजूला बसून बोलत राहीन. थिसलला अजून दोन वर्षं वाढू दे, तिचं काही बिघडत नाही. ट्रूडीने दोन्ही मोरक्या पर्समध्ये घातल्या आणि मंगळवारी येते म्हणाली. दारातून परत आली, नेरिडाला घट्ट मिठी मारली आणि मग खरोखरच गेली.

भिंतीवर ट्रेविनांच्या पाच मोरक्या उरल्या.

मर्व कपबश्या गोळा करायला लागला. हा माणूस कपबश्या गोळा करतो म्हणजे त्याला काय करावं ते सुचत नसतं. सगळ्या सिंकमध्ये ठेवून तो परत आला, भिंतीपाशी गेला आणि एकेक करत पाचही मोरक्या काढून त्याने खांद्यावर टाकल्या.

"मोलीची राहू दे," नेरिडा म्हणाली.

नको, मर्व म्हणाला.

आता बघा गंमत. आठवडाभर जी बाई चार मोरक्या काढत होती तीच आता एकीसाठी हटून बसली. मोली कधी अडली नाही. मोलीचं शिंगरू सकाळी आपण चहा पीत असताना कुरणात उभं असतं. बँजोची शेवटची खेप आहे, एक तरी हवं की नको? मर्व मान हलवत राहिला. मोली कधी अडली नाही ती कधी अडणार नाही, असं मोलीने लिहून दिलंय का? आणि ती अडली तर तू हात घालशील, तुला काही कळणार नाही, ती तुझ्या हातात जीव टाकेल, आणि मग तू जन्मभर त्या हाताकडे बघत बसशील. मी तुला ओळखतो. एक नाही आणि अर्धाही नाही. बँजोला खच्ची करून घेऊ, तो म्हणाला. वय झालंय, पण गुरांच्या डॉक्टरणीला विचारू, तिने हो म्हटलं तर करू. जन्मभर बिचारा कुंपणाच्या अलीकडून बायकांकडे बघत एकटा चरला. हंगामात चार दिवस पाहुणचार आणि परत कुंपण. आता जाऊन राहू दे त्यांच्यात, बसू दे उन्हात घोळक्यात.

नेरिडा त्याच्याकडे बघतच राहिली. वर्षभर ज्या माणसाने जिथे तिथे बँजोच्या शिंगरांच्या गप्पा मारल्या तो हा. तिचा संताप झाला, का ते तिलाही कळेना. तिला हवं होतं ते त्याने केलं होतं, तरी तिला वाटत होतं की त्याने भांडायला हवं होतं. "पाच पाहिजे होती ना तुला?" ती म्हणाली. "आठवडाभर शिळा घालत होतास. मग आता एकासाठीही भांडत नाहीस?"

मर्व मोरक्या खांद्यावर घेऊन तसाच उभा होता. "मला शिंगरं कधी पाहिजे होती, नेरिडा?" तो म्हणाला. "शिंगरू काय, कुणाच्याही घोडीला होतं. मला तू बघायची असायचीस. पेंढ्यात आडवी पडलेली, केसांत काड्या, डोळे मिटलेले, आणि तोंडात अशा शिव्या की मला, टँकरवर आयुष्य काढलेल्याला, नव्या वाटाव्यात. तेव्हा तू जशी दिसायचीस तशी लग्नातही दिसली नव्हतीस. म्हटलं, बँजो म्हातारा व्हायच्या आत पाच वेळा बघून घेऊ."

अठ्ठेचाळीस वर्षांत या माणसाने तिला ती दिसते कशी हे चष्म्यापलीकडे कधी सांगितलं नव्हतं. आणि आज सांगितलं तर हे.

"मग आता काय बघशील?" तिने विचारलं.

मर्वने खरोखरच विचार केला. "कोबी चिरताना बघीन," तो म्हणाला. "सुरी निसटली की तेव्हाही शिव्या देतेसच तू."

तिने त्याला एक शिवी दिली, ठेवणीतली, अडलेल्या घोडीसाठी राखून ठेवलेली, आणि देता देताच तिला रडू कोसळलं. मर्वने मोरक्या खुर्चीवर टाकल्या आणि तिला जवळ घेतलं. ती त्याच्या शर्टात तोंड खुपसून बराच वेळ रडली, हातासाठी रडली, पॅन्सीसाठी, सगळ्या न होणाऱ्या शिंगरांसाठी, आणि थोडी आनंदानेही, ते मात्र तिने त्याला सांगितलं नाही. मर्व तिची पाठ थोपटत होता आणि मधूनमधून तीच शिवी पुन्हा म्हणून बघत होता, पाठ करायला.

खालच्या कुंपणापाशी बँजो खायची वेळ झाली म्हणून खिंकाळायला लागला. मी घालून येतो, मर्व म्हणाला, तू बस. पण ती बसली नाही. डोळे पुसून तिने बूट चढवले आणि त्याच्याबरोबर उतारावरून खाली गेली.